आव्हिन्योंचा प्रयोग

मराठीत नाटकाचा 'प्रयोग' होतो. हा शब्द इतका अंगवळणी पडलेला आहे की, प्रयोगशाळेशी असलेले त्याचे नाते नाटकाची जाहिरात वाचताना कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. 'शंभरावा प्रयोग' असे म्हणताना जे पुनःपुन्हा करून सिद्ध झाले आहे ते अभिप्रेत असते. 'प्रायोगिक नाटक' असे म्हणताना जे अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे ते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ मराठी रंगभूमीवर पुष्कळदा एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. फ्रेंच भाषेत नाटकाच्या प्रयोगाला निराळा शब्द आहे. परंतु शास्त्रज्ञाचा प्रयोग आणि माणसाचा अनुभव या दोहोंसाठी तेथे एकच शब्द वापरतात. या दोन भाषांच्या सवयी शेजारी ठेवल्या म्हणजे आव्हिन्यों या फ्रेंच नगरीत दर उन्हाळ्यात भरणाऱ्या नाट्यमहोत्सवाविषयी एक प्रश्न विचारता येतो. तेथे प्रयोग होतो, पण तो कोणावर? नाटकावर, नटावर, की प्रेक्षकावर? महोत्सवाचे समर्थक आणि टीकाकार यांच्यात 1947 पासून जे वाद झाले, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी हा प्रश्न आहे. मात्र तो या स्वरूपात क्वचितच विचारला गेला आहे.

आव्हिन्यों हे दक्षिण फ्रान्समधील ऱ्होन नदीकाठचे तटबंदीचे शहर. चौदाव्या शतकात पोपची गादी काही दशके रोमऐवजी येथे होती, आणि त्या काळी उभारलेला पोपचा प्रासाद राजवाड्यापेक्षा किल्ल्यासारखाच अधिक दिसतो. त्याचे मोठे प्रांगण, ज्याला फ्रेंच लोक 'कूर द'ऑनर' म्हणतात, ते या महोत्सवाचे मूळपीठ. चारी बाजूंनी उंच, कठोर, जवळजवळ निरलंकार भिंती. वर उघडे आकाश. आणि 'मिस्त्राल' नावाचा उत्तरेकडून येणारा वारा, जो नटाच्या तोंडचा शब्द सहज उचलून नेतो. 1947 मध्ये क्रिस्तियाँ झेर्वोस या कलासमीक्षकाने याच प्रासादाच्या चॅपेलमध्ये आधुनिक चित्रांचे प्रदर्शन मांडले आणि त्याला जोड म्हणून जाँ व्हिलार या दिग्दर्शकाकडे त्याचे पॅरिसमध्ये गाजलेले एक नाटक मागितले. ते एलियटचे 'मर्डर इन द कॅथीड्रल' होते. व्हिलारने प्रथम नकार दिला. जागा अवाढव्य आहे, ती नाटकाची नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. मग काही दिवसांनी तोच प्रस्ताव घेऊन आला: जुने नाटक नको, तीन नवी देतो. शेक्सपिअरचा 'दुसरा रिचर्ड', जो तोवर फ्रेंच रंगभूमीला जवळजवळ अपरिचित होता. पॉल क्लोदेलचे 'तोबी आणि सारा'. आणि मॉरिस क्लाव्हेल या तरुण लेखकाचे एक नाटक. त्या सप्टेंबरात सैन्याच्या अभियंता पथकातील जवानांनी रंगमंच उभा केला, आणि सुमारे 4,800 प्रेक्षक आले. त्यांपैकी तिकीट काढून आलेले सुमारे 2,900. उरलेले निमंत्रित. पुढच्या वर्षापासून महोत्सव जुलैत भरू लागला.

व्हिलारने केलेला प्रयोग आजच्या अर्थाने 'प्रायोगिक' वाटत नाही. त्याने संहिता मोडली नाही, कालक्रम उलटापालटा केला नाही, नटाला नग्न केले नाही. त्याने वजाबाकी केली. पडदा गेला, दर्शनी कमान गेली, रंगवलेले देखावे गेले. उरले ते एक चौथरा, काही ध्वज, भडक रंगांची वस्त्रे, प्रकाश आणि ती भिंत. या वजाबाकीने नाटकात फार मोठा बदल झाला नसेल. बदल झाला तो प्रेक्षकाच्या बैठकीत. पॅरिसच्या नाट्यगृहात मखमली खुर्चीवर आपापल्या ऐपतीप्रमाणे सज्जांत वाटला गेलेला प्रेक्षक येथे एका उतरणीवर, एका आकाशाखाली, एकाच वाऱ्याचा मारा सहन करीत बसला. नाटक हे नळाच्या पाण्यासारखे किंवा विजेसारखे सार्वजनिक सेवेचे खाते असले पाहिजे, ही व्हिलारची प्रसिद्ध भूमिका येथेच रुजली. 1951 मध्ये तो पॅरिसच्या लोकनाट्यगृहाचा प्रमुख झाला आणि त्याच वर्षी जेरार फिलिप या लोकप्रिय चित्रपटनटाने त्याच्यासाठी आव्हिन्योंत 'ल सिद' आणि 'होम्बुर्गचा राजपुत्र' ही नाटके केली. एका सिनेनटाच्या आकर्षणाने आलेला तरुण कॉर्नेईचे सतराव्या शतकातील पद्य ऐकत बसला, हे या महोत्सवाचे पहिले खरे यश म्हणावे लागेल.

हे यश कोणत्या जातीचे होते, ते सांगण्यास भरताच्या नाट्यशास्त्राइतका उपयुक्त ग्रंथ दुसरा नाही. त्याच्या 27 व्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आला आहे, आणि तो बहुतांशी प्रेक्षागृहाकडे तोंड करून केलेला विचार आहे. स्मित, हास्य, साधुवाद, हळहळ, रोमांच, उठून उभे राहणे, अंगावरची वस्त्रे व अंगठ्या रंगावर फेकणे ही मानुषी सिद्धीची चिन्हे. आणि जेथे रंग पूर्ण भरलेला असूनही शब्द नाही, क्षोभ नाही, ती दैवी सिद्धी. त्यापुढे प्रयोगाला होणारे 'घात' सांगितले आहेत. वारा, आग, पाऊस, हत्ती व साप यांचे उपद्रव हे दैवाकडून येणारे. आरडाओरडा, शेण व ढेकळे फेकणे हे प्रतिस्पर्ध्यांकडून होणारे. आणि काही घात नटाच्या स्वतःच्या चुकांचे. हत्ती व साप सोडले, तर आव्हिन्योंच्या रात्रींचा इतिहास या अध्यायाच्या चौकटीत जवळजवळ बसविता येतो. मिस्त्राल हा दैवी घात. मधूनच उठून लाकडी बैठकींवर पाय आपटीत बाहेर पडणारे आणि शेवटी हुर्यो करणारे प्रेक्षक, जे त्या प्रांगणाचे जुने वैशिष्ट्य मानले जाते, ते घात म्हणावेत की सिद्धीची उलटी चिन्हे, हा वादाचा विषय. पण मुद्दा असा की, भरताच्या दृष्टीने प्रयोग रंगमंचावर संपत नाही; तो प्रेक्षकात सिद्ध होतो किंवा फसतो. व्हिलारलाही हेच म्हणावयाचे होते. प्रयोगापूर्वी वाजणारी मॉरिस जारची तुतारी आजही त्या महोत्सवाची खूण आहे. तिचे कार्य पूर्वरंगाच्या कार्यापेक्षा फारसे निराळे नाही: बाजारातून, घरातून, दिवसाच्या उन्हातून आलेल्या माणसाला त्याच्या लौकिक अवस्थेतून हळूच सोडवून घेणे.

व्हिलारच्या या यशाला एक मोठी मर्यादा होती, आणि ती त्याला स्वतःला माहीत होती. प्रासादाच्या बागेत प्रेक्षकांशी चर्चा, तरुणांसाठी निवासाची सोय, स्वस्त तिकीट, प्रेक्षकांना द्यावयाच्या प्रश्नपत्रिका, हे सर्व करूनही कामगारवर्ग अल्पच आला. आला तो प्रामुख्याने शिक्षक, विद्यार्थी, ग्रंथपाल, सरकारी नोकर. म्हणजे 'जनता' या शब्दाने जो समूह सूचित होत होता, त्याचा सुशिक्षित भाग. महोत्सवाच्या टीकाकारांनी 1968 मध्ये हे व्रण नेमके हेरले.

त्या वर्षी मे महिन्यातील संपामुळे फ्रान्समधील नाट्यसंस्थांच्या तालमी बुडाल्या होत्या. व्हिलारने तरीही महोत्सव रद्द केला नाही. फ्रेंच नाटके नसलेल्या त्या कार्यक्रमात मॉरिस बेजारचे नृत्य होते आणि न्यूयॉर्कहून निघून युरोपभर हिंडत असलेले ज्यूलियन बेक व ज्युडिथ मलिना यांचे 'लिव्हिंग थिएटर' होते. (हे मंडळही 1947 मध्येच स्थापन झालेले, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.) जुलैच्या मध्यास नदीपलीकडच्या व्हिलनव्ह गावात एका स्थानिक तरुण मंडळाच्या नाटकावर प्रीफेक्टने बंदी घातली आणि वातावरण पेटले. 24 जुलैला कार्मच्या मठाच्या ओवऱ्यांत 'पॅराडाइज नाऊ' झाले. प्रयोगाच्या आरंभी नट प्रेक्षकांत शिरून पारपत्राशिवाय आपल्याला प्रवास करता येत नाही, वस्त्रे उतरविता येत नाहीत, अशा मनाईंची यादी एकेकाच्या कानाशी, मग मोठ्याने, मग आक्रोशत सांगत. पुढे आठ पायऱ्यांची एक आरोहिणी. तिच्या नकाशात ज्यू गूढवाद होता, चिनी ग्रंथ होता आणि तंत्रमार्गातील चक्रेही होती. शेवटी नट आणि प्रेक्षक एकत्र रस्त्यावर येत. रंगभूमी रस्त्यातच आहे, रस्ता सर्वांचा आहे, असा त्यांचा आग्रह. नगरपालिकेने रस्त्यावर जाण्यास हरकत घेतली. बेकच्या मंडळाने विनामूल्य प्रयोगाची मागणी केली आणि अखेरीस 28 जुलैला एक जाहीर पत्रक काढून महोत्सवातून अंग काढून घेतले. दरम्यान तरुणांच्या जमावाने व्हिलारचे नाव बेजारच्या नावाबरोबर पोर्तुगालच्या हुकूमशहाच्या नावाशी यमकात गुंफून घोषणा दिल्या. आयुष्यभर स्वस्त तिकिटाचा आग्रह धरलेल्या माणसाला हे ऐकावे लागले. 1971 मध्ये तो वारला.

या प्रकरणात भावनेने व्हिलारच्या बाजूला झुकणे सोपे आहे, आणि बेकच्या बाजूला झुकणे त्याहून सोपे. परंतु समीक्षेला विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. 'पॅराडाइज नाऊ'ने प्रेक्षकावर प्रयोग केला, तो कोणत्या प्रकारचा? रसाच्या प्रतीतीत येणारी जी विघ्ने अभिनवगुप्ताने सांगितली आहेत, त्यांत प्रेक्षक स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या व्यक्तिगत देशकालात अडकून पडणे हे एक महत्त्वाचे विघ्न आहे. समोरचे दुःख माझे, की त्याचे, की शत्रूचे, असा हिशेब मनात सुरू झाला की आस्वाद थांबतो. लिव्हिंग थिएटरने या विघ्नालाच नाटकाचे द्रव्य बनविले. प्रेक्षकाने साधारणीकृत होऊ नये, त्याने आपल्या नावगावासह, भीतीसह, संकोचासह तेथेच उभे राहावे, ही त्यांची अपेक्षा. ही भूमिका चुकीची म्हणून बाजूला सारता येत नाही. तिच्यात एक नैतिक निकड होती. तथापि तिने प्रेक्षकाची एक गोष्ट हिरावून घेतली, ती म्हणजे उत्तर न देण्याची मोकळीक. कानाशी येऊन ओरडणाऱ्या नटाला गप्प राहणारा प्रेक्षक त्या प्रयोगात आपोआप दुसऱ्या पक्षाचा ठरे. ज्या प्रयोगाचा निष्कर्ष आधीच ठरलेला आहे, त्याला शास्त्राच्या भाषेत प्रयोग म्हणत नाहीत. त्याला प्रात्यक्षिक म्हणतात. आणि भिंतीबाहेरच्या माणसाविषयी उपस्थित केलेला अत्यंत न्याय्य प्रश्न भिंतीआतल्या तिकीटधारी माणसावर खेकसून सुटणार नव्हता.

याउलट, 1976 च्या जुलैत याच शहरात रॉबर्ट विल्सन आणि फिलिप ग्लास यांच्या 'आइन्स्टाइन ऑन द बीच'चा पहिला प्रयोग झाला. कथा नाही, मध्यंतर नाही, सुमारे पाच तासांचा काळ. आणि प्रेक्षकाने हवे तेव्हा उठून जावे, हवे तेव्हा परत यावे अशी मुभा. आशयाच्या दृष्टीने हे 'पॅराडाइज नाऊ'पेक्षा कितीतरी अलिप्त, थंड, कदाचित पोकळही. परंतु प्रेक्षकाला त्याने खरोखरच काहीतरी नवे दिले: स्वतःच्या लक्षाचा स्वामी होण्याचा अधिकार. रात्रभर चालणाऱ्या दशावतारात डुलकी काढून, चहा पिऊन, संकासुराच्या प्रवेशाला पुन्हा सावरून बसणाऱ्या कोकणातल्या प्रेक्षकाला हा अधिकार नवा वाटणार नाही. मखमली खुर्चीवर वाढलेल्या प्रेक्षकाला मात्र तो फार मोठा वाटला.

1968 चा वारसा पुढे वेगळ्याच वळणाने प्रांगणात आला. 2005 च्या महोत्सवात बेल्जियमचा यान फाब्र हा सहयोगी कलावंत होता. प्रांगणात त्याची अश्रू, घाम, मूत्र अशा शरीरद्रवांवर बेतलेली रचना झाली, आणि फ्रेंच वृत्तपत्रांत आठवडेच्या आठवडे रण माजले. एका पक्षाने शब्दाच्या नाटकाचा अंत झाल्याची हाकाटी केली; दुसऱ्याने विरोधकांना सनातनी ठरविले. वस्तुतः दोन्ही पक्ष रंगमंचाकडेच पाहत होते. त्या वर्षी अनेक प्रयोगांतून जे दिसले ते असे की, प्रेक्षकाला धक्का तर द्यावयाचा होता, परंतु त्याची गरज कोणाला नव्हती. तो उठून गेला काय आणि बसून राहिला काय, रचनेत काही बदलत नव्हते. व्हिलारचा प्रेक्षक सहभागी होता, बेकचा आरोपी होता. 2005 चा प्रेक्षक केवळ साक्षी ठेवलेला. आणि नटाच्या शरीरावर जो प्रयोग चालला होता, त्याचा हिशेब तर फार उशिरा झाला. 2022 मध्ये अँटवर्पच्या न्यायालयाने फाब्रला आपल्या मंडळातील नर्तकींच्या छळाबद्दल आणि एका प्रकरणी विनयभंगाबद्दल दोषी ठरवून 18 महिन्यांची निलंबित शिक्षा दिली. या निकालाने 2005 च्या रचनांचे कलामूल्य आपोआप शून्य होते असे नव्हे. परंतु 'धोका पत्करणारी कला' हा शब्दप्रयोग त्या वर्षी किती मोकळेपणाने वापरला गेला, ते आठवले म्हणजे धोका नेमका कोणी पत्करला होता, हे विचारल्यावाचून राहवत नाही. समीक्षकांनी हा प्रश्न त्या वेळी विचारला नाही. त्यात समीक्षेचाही दोष आहे.

प्रांगणाबाहेर, तटबंदीच्या आतच, आणखी एक आव्हिन्यों आहे. 1966 मध्ये आंद्रे बेनेदेत्तो या स्थानिक नाटककाराने कोणाचे निमंत्रण नसता महोत्सवाच्या दिवसांत आपल्या लहानशा नाट्यगृहात नाटक केले, आणि त्या कृतीतून 'ऑफ' नावाने ओळखला जाणारा समांतर महोत्सव वाढला. आज त्यात दर जुलैत हजाराहून अधिक कार्यक्रम असतात. गराज, शाळा, चॅपेल, जे मिळेल ते नाट्यगृह होते. खांबाखांबाला, कुंपणाकुंपणाला दोरीने बांधलेल्या जाहिराती. भरउन्हात वेष चढवून रस्त्यात पत्रके वाटणारे नट. बेकला हवा होता तो रस्ता येथे मिळाला आहे, मात्र तो बाजाराच्या रूपाने. मंडळाने जागा तासांच्या हिशेबाने भाड्याने घ्यावयाची, रांगेत एकामागून एक नाटके लागायची, आणि देशभरच्या नाट्यगृहांचे व्यवस्थापक येऊन पुढच्या हंगामासाठी माल पसंत करावयाचे. बंडाची ही परिणती पाहून खेद वाटतो, पण नवल वाटू नये. जेथे नटाला आपली जागा स्वतःच्या पैशाने भरावी लागते, तेथे तो फसण्याचे धाडस करू शकत नाही. आणि फसण्याची सोय नसेल तर प्रयोग कसला? दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 1970 च्या दशकात जे घडले, त्यामागे त्या शाळेने दिलेल्या स्वस्त जागेचा वाटा नाटककारांच्या प्रतिभेइतकाच होता. 2003 मध्ये हंगामी कलाकामगारांच्या बेकारीविम्यातील बदलांविरुद्ध संप झाला आणि मुख्य महोत्सवच रद्द करावा लागला, तेव्हा आव्हिन्योंला आपल्या प्रयोगशाळेचे भाडे कोण भरते, हे एकदा स्पष्टपणे कळले.

शहरापासून काही किलोमीटर अंतरावर बूलबोंची दगडाची खाण आहे. नाटकासाठी ती शोधली पीटर ब्रुकने, 1985 च्या 'महाभारता'साठी. जाँ-क्लोद कारिएरने केलेल्या या नऊ तासांच्या फ्रेंच रूपांतराचे द्यूत, वनवास आणि युद्ध असे तीन भाग. ते तीन रात्री दाखवीत, आणि काही वेळा एकाच रात्री, सूर्यास्तापासून उजाडेपर्यंत. पिवळट कड्याखाली वाळू, एक डबके, एक ओहोळ आणि अग्नी. अनेक देशांचे नट. त्यांत द्रौपदी म्हणून मल्लिका साराभाई. व्यास सांगतो, गणेश लिहितो, एक मुलगा ऐकतो; आणि गणेशाचा मुखवटा उतरवून तोच नट पुढे कृष्ण होतो. युरोपातील समीक्षकांनी शतकातील श्रेष्ठ प्रयोगांत याची गणना केली. भारतात रुस्तम भरूचा यांनी 1988 मध्ये त्याची कठोर चिकित्सा केली: महाभारताला त्याच्या धर्मविचारातून, समाजातून, परंपरेतून सोडवून 'विश्वमानवाची' कथा म्हणून बाजारात आणणे हा एक प्रकारचा उचलेपणा आहे, असा तिचा आशय.

मराठी वाचकाला या वादात एक तिसरी जागा उपलब्ध आहे. दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' 1962 मध्ये आले, इरावती कर्व्यांचे 'युगान्त' 1967 मध्ये. या दोन्ही पुस्तकांनीही महाभारताला भक्तीच्या गाभाऱ्यातून बाहेर काढून माणसांची कथा म्हणून वाचले. कर्व्यांनी तर कृष्णाचे देवपण जवळजवळ पूर्ण बाजूस ठेवले. तेव्हा परंपरेतून सोडविणे हाच जर अपराध असेल, तर तो ब्रुकच्या आधी मराठीत घडला आहे. परंतु फरक येथे आहे की, कर्व्यांचा वाचक तो गाभारा ओळखतो. काय वजा केले, हे त्याला दिसते; त्या वजाबाकीची वेदनाही त्याला होते. खाणीत बसलेल्या फ्रेंच प्रेक्षकासमोर आधीची बेरीज नव्हती. त्याला जे मिळाले ते वजा केलेले म्हणून मिळाले नाही, संपूर्ण म्हणून मिळाले. म्हणून ब्रुकच्या प्रयोगात अनुपस्थित असलेल्या गोष्टी, कर्णाच्या जन्माने उभा केलेला कुलाचा प्रश्न, एकलव्याच्या अंगठ्याचे मोल, गीतेचा आखडलेला संवाद, या तेथील रात्रीत कोणाला उणिवा म्हणून जाणवल्या नाहीत. दिल्लीत 1963 मध्ये फिरोजशहा कोटल्याच्या अवशेषांत इब्राहिम अल्काझी यांनी धर्मवीर भारतींचे 'अंधा युग' केले, तेव्हाही पडके दगड होते, उघडे आकाश होते, कुरुक्षेत्राची अखेरची संध्याकाळ होती. परंतु तो प्रेक्षक अश्वत्थाम्याला आधीपासून ओळखत होता, आणि फाळणीच्या आठवणी त्याच्या अंगावर ताज्या होत्या. आव्हिन्योंच्या खाणीतील दगड सुंदर होते. कोटल्याचे दगड साक्षीदार होते.

असे असूनही ब्रुकचा प्रयोग खोटा ठरत नाही. रात्रभर बसलेल्या माणसाला पहाटेच्या उजेडात युधिष्ठिराच्या शेवटच्या प्रवासाशी येऊन पोहोचविणे, हा त्या जागेने आणि त्या कालावधीने केलेला खरा प्रयोग होता, आणि त्यात प्रेक्षकाला कोणीही हाताला धरून ओढले नव्हते. त्याची चूक एवढीच की, ज्या परकेपणावर तो सर्व उभा होता, तो परकेपणा त्याने झाकला.

तो न झाकण्याचे धैर्य याच खाणीत 29 वर्षांनी दुसऱ्या एका दिग्दर्शकाने दाखविले. 2014 मध्ये जपानच्या सातोशी मियागीने वनपर्वातील नलोपाख्यान तेथे सादर केले. अठरा पर्वांचा डोलारा नाही, धर्मयुद्ध नाही. वनवासातील पांडवांना ऐकविलेली एक आडकथा. त्याची कल्पना अशी: हे आख्यान हेइआन काळातच जपानात पोचले असते तर तेथील कलावंतांनी ते कसे सांगितले असते? शुभ्र वेष, तालवाद्यांचा अखंड गजर, आणि पात्राचे दोन भाग: एक नट हालचाल करतो, दुसऱ्याच्या मुखातून शब्द येतात. रंगमंच कड्यासारखा वर्तुळाकार. प्रेक्षक त्या वर्तुळाच्या आत. नल रानात दमयंतीला सोडून निघतो तेव्हा तो प्रेक्षकाच्या पाठीमागून जातो आणि त्याला पाहण्यासाठी प्रत्येकाला मान वळवावी लागते. सोडून जाण्याची कथा इतक्या साध्या रीतीने फारच थोड्यांनी सांगितली असेल.

रघुनाथ पंडितांच्या आख्यानावर वाढलेल्या मराठी रसिकाला हा नल अनोळखी आहे. कीर्तनात एकच बुवा नल होतो, हंस होतो, दमयंती होतो. एका कंठात सर्व पात्रे वस्ती करतात. मियागीने नेमके उलट केले: एका पात्राचे दोन देह केले. पण अनोळखी असल्याची जाणीव प्रयोगात सतत जागी ठेवलेली असल्यामुळे फसवणुकीची भावना होत नाही. कथा भारताची, रीत जपानची, खाण फ्रान्सची. आणि यांपैकी कोणाचेही नाव पुसलेले नाही. ब्रुकने महाभारत सर्वांचे केले, म्हणजे कोणाचेच ठेवले नाही. मियागीने ते आपले केले, आणि म्हणून ते इतरांचे आहे हे दिसत राहिले.

2023 च्या महोत्सवापासून पोर्तुगालचा तियागो रॉद्रिगेश संचालक आहे. काही वर्षे बंद असलेली ती खाण त्याने त्याच वर्षी पुन्हा उघडली, आणि दर वर्षी एका भाषेला पाहुणी म्हणून बोलावण्याची पद्धत सुरू केली: 2023 मध्ये इंग्रजी, 2024 मध्ये स्पॅनिश, 2025 मध्ये अरबी. भाषेला पाहुणी म्हणण्यात आतिथ्याबरोबर यजमानाची मालकीही येते, ही अडचण उघड आहे. तरी भाषांतराचे शब्द प्रकाशाने उमटवावे लागतात आणि प्रेक्षकाला नट व मजकूर यांत दृष्टी विभागावी लागते, तेव्हा तो पुन्हा एकदा आपल्या लक्षाचा स्वामी होतो. 2024 मध्ये आंगेलिका लिदेल हिने प्रांगणात उद्घाटनाच्या रचनेत आपल्यावर प्रतिकूल लिहिणाऱ्या समीक्षकांची नावे घेऊन त्यांना झोडपले, तेव्हा पुष्कळ समीक्षक संतापले. भरताने प्रयोगाची परीक्षा करणाऱ्या प्राश्निकांनाही त्याच 27 व्या अध्यायात जागा दिली आहे, म्हणजे त्यांना प्रयोगाच्या आत बसविले आहे. ज्यांनी 2005 मध्ये नर्तकींच्या देहांविषयी काहीच विचारले नव्हते, त्या व्यवसायातील माणसांना स्वतःचे नाव ऐकल्यावर रंगमंचावर माणसाचे काय केले जाते, याची चौकशी करावीशी वाटली.